चाखायचा घोट

"पण नक्की किती खर्च करायला हवा होता, मास्तर?"

इनास मास्तरांनी चटईवरचं एक केळं उलटं केलं.

"कमी पडला का? तेवढं तरी सांगा."

मास्तरांनी दुसरं केळं उलटं केलं.

"की जास्त झाला?"

तिसरं केळं.

यशोधन कारखानीस भर उन्हात उभा होता. पायात महागाचे बूट, बुटांखाली केळ्यांच्या साली, हातात कापडी पिशवी आणि पिशवीत जवळजवळ भरलेली वाईनची बाटली. वय चौपन्न. धंदा मुंबईतल्या उंच इमारतींना लिफ्ट बसवून देण्याचा. चाळिसाव्या मजल्यापर्यंत माणसाला धक्का लागू न देता कसं न्यायचं, हे त्याला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. जमिनीवर मात्र गेले आठ दिवस त्याचा पाय ठरत नव्हता.

आठ दिवसांपूर्वी, शनिवारी, त्याची बायको शालन रेस्टॉरंटच्या टेबलावरून उठून गेली होती. जेवण यायच्याही आधी. ती घरी आली नाही. धारवाडला बहिणीकडे, सुधाकडे गेली, आणि तेव्हापासून त्याचा फोन उचलत नव्हती.

आणि हा गृहस्थ वसईपर्यंत येऊन काय विचारत होता, तर वाईनवर किती खर्च करायला हवा होता!

हसू नका. घर कोसळतं तेव्हा माणूस आख्ख्या घराकडे बघूच शकत नाही. तो आपला एखादा सैल खिळा शोधत बसतो. कारखानीसला हा खिळा सापडला होता.

आता हे इनास मास्तर कोण, ते सांगायला हवं.

इनास तुस्कानो. मुंबईतल्या एका जुन्या, बड्या रेस्टॉरंटात एक्केचाळीस वर्षं कॅप्टन. म्हणजे वेटरांचा वेटर. आपण टेबलावर बसलो की हळूच मागे येऊन उभा राहतो आणि आपल्याला काय खायचंय ते आपल्या आधी ओळखतो, तो. वाईनचं सगळं खातं त्यांच्याकडे. हाताखालची पोरं त्यांना मास्तर म्हणत, म्हणून सगळी दुनिया मास्तर म्हणू लागली.

त्यांच्या नाकाच्या कथा अजून सांगतात.

एकदा म्हणे त्यांनी बूच हुंगलं आणि गिऱ्हाइकाला सांगितलं, "साहेब, ही नको. ही बाटली एक पावसाळा जिन्याखाली काढून आलीय. आणि त्या जिन्याखाली मांजर व्यायलंय." मॅनेजर जाऊन बघतो तर चार पिल्लं!

एकदा एका पारशी शेटजींनी त्यांचे डोळे बांधून समोर सात ग्लास ठेवले. मास्तरांनी सातही ओळखले. वर म्हणाले, "आणि शेटजी, आपल्या हातातला आठवा ग्लास आपला नाही, आपल्या भावाचा आहे." तेव्हापासून त्या दोन भावांनी एका टेबलावर बसणं सोडलं.

निवृत्तीनंतर नाशिककडच्या एका द्राक्षबागाईतदाराने त्यांना न्यायला मोटार पाठवली. मास्तर गेले नाहीत. मोटारीचं दार उघडून आत नाक घातलं, आणि ड्रायव्हरला म्हणाले, "मालकांना सांग, औंदा माल पातळ आहे." आणि पातळच होता, असं ड्रायव्हर सांगतो.

असे मास्तर. आता वसईच्या वाडीत एकटे राहायचे आणि सुकेळी करायचे. म्हणजे पिकलेली राजेळी केळी सोलायची, चटईवर उन्हात मांडायची, दिवसातून तीनदा उलटायची. आठवडाभराने ती मधासारखी काळपट झाली की केळीच्याच वाळल्या सोपटात बांधून टाकायची. रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की मुंबईहून चार-पाच माणसं त्यांच्याकडे वाईन शिकायला यायची. मास्तर फी घेत नसत. केळी उलटायला लावत.

कारखानीस हा त्यांतला सर्वांत हुशार शिष्य. निदान त्याचं स्वतःचं मत तसं होतं. वही घेऊन यायचा. मास्तर खोकले तरी लिहून घ्यायचा. आठ महिन्यांत तो इतका तयार झाला की मित्रमंडळी त्याच्यासमोर साधं पाणी प्यायलाही बिचकू लागली.

आज तो एकटाच आला होता. वहीशिवाय.

"कितीची घेतलीत?" मास्तरांनी शेवटी विचारलं.

"जेवणाच्या चौपट."

मास्तरांचा हात केळ्यावर थांबला.

"मी काय सांगितलं होतं?"

"जेवणाला जेवढं लागेल, तेवढंच वाईनला. त्याच्यावर नाही." कारखानीसने पाठ म्हणून दाखवलं. "पहिला धडा. पहिलं पान."

"का, ते लिहिलंत?"

"तुम्ही सांगितलं नव्हतंत."

"तुम्ही विचारलं नव्हतंत."

...

"मग चौपट का?" मास्तरांनी विचारलं.

"तिला कळावं म्हणून."

"काय कळावं?"

कारखानीसने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"...की माझ्या बाजूने काही कमी नाही."

मास्तरांनी ते केळं उलटं केलं.

"बाई वाईन पितात?"

"घोटभर. मला बरं वाटावं म्हणून."

"हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"...लग्नापासून."

वाडीत कुठेतरी विहिरीवरचा पंप सुरू झाला आणि लगेच बंद पडला.

"बाहेर जेवायचं कुणी ठरवलं?" मास्तरांनी विचारलं.

"तिने. गेल्या सोमवारी... म्हणजे त्याच्या आधीच्या सोमवारी. म्हणाली, शनिवारी बाहेर जेवू. मला तुझ्याशी बोलायचंय. घरी नको."

"घरी का नको?"

"घरी मला सारखे फोन येतात."

"बरं. मग सोमवार ते शनिवार तुम्ही काय केलंत?"

कारखानीसचा चेहरा जरा उजळला. इथे त्याला सांगण्यासारखं होतं. "रेस्टॉरंटकडून वाईनचं कार्ड मागवून घेतलं. ऑफिसात दार लावून वाचलं. तीनदा! सतरा नावं बाजूला काढली. सतराची पाच केली. पाचाची एक. शुक्रवारी फोन करून सांगितलं, ही बाटली दोन तास आधी उभी करून ठेवा, बर्फात नको, नुसती गार..."

"आणि बाईंना काय बोलायचं असेल, याचा विचार?"

"तो कशाला? ते ती सांगणारच होती ना!"

बोलून गेला, आणि तोंडात खडा यावा तसा थांबला.

मास्तर चटईच्या दुसऱ्या टोकाला सरकले. "शनिवारचं सांगा."

"बसलो. कार्डं आली. जेवण तिने सांगितलं, पटकन. वाईन मी आधीच सांगून ठेवलेली. स्टुअर्ड बाटली घेऊन आला, मला दाखवली. मी मान हलवली. त्याने बूच काढलं. छान काढलं, आवाज नाही. मग माझ्या ग्लासात घोटभर ओतली."

हा घोट सगळ्यांना माहीत असेलच असं नाही. ज्याने बाटली मागवली त्याच्या ग्लासात आधी थोडीशीच ओततात. त्याने ती हुंगायची, चाखायची आणि मान हलवायची, की मग इतरांना वाढतात. बाटली खराब नाही ना, एवढंच बघायचं असतं. काम चार सेकंदांचं. पण तेवढा वेळ वाढणारा माणूस बाटली हातात धरून उभा असतो, त्यामुळे टेबलावर आपोआप शांतता पसरते, देवळात घंटा वाजायच्या आधी पसरते तशी. काही माणसांना ही शांतता फार आवडते.

"मी ग्लास फिरवला," कारखानीस सांगत होता. "वास घेतला. आणि तेवढ्यात शालन म्हणाली, 'यशोधन, मला वाटतं...'"

"पुढे?"

"पुढे मी बोट वर केलं."

"कोणतं?"

"हे. एक मिनिट, म्हणून. माणूस उभा होता ना, मास्तर! बाटली हातात घेऊन!"

"मग?"

"मग चाखली. तुम्ही शिकवलंत तशी. आधी जिभेच्या टोकावर, मग कडेला, मग मागे. मग नाकाने श्वास सोडला. घाई केली नाही."

"घाई करायची नसते."

"मान हलवली. तिच्याकडे वळलो. तर ती पर्स उचलत होती."

"काही म्हणाल्या?"

"म्हणाली, 'चांगली आहे का?' मी म्हटलं, 'अप्रतिम!'"

"मग?"

"'मग सावकाश पी,' म्हणाली. आणि गेली."

...

"तुम्ही मागे गेला नाहीत?"

"मला वाटलं, वॉशरूमला गेली."

"किती वेळ वाटलं?"

सूप येऊन थंड होऊन परत गेलं तोवर त्याला तसं वाटत होतं. मग स्टुअर्डनेच खाली वाकून, जमेल तेवढ्या हळू सांगितलं होतं की मॅडम टॅक्सीत बसून गेल्या. आणि त्याच दमात विचारलं होतं, सर, बाटलीला बूच लावून देऊ का, घरी न्यायला?

तीच बाटली आता त्याने पिशवीतून काढली आणि मास्तरांसमोर धरली. दोन्ही हातांनी.

"ही बघा."

"काय बघू?"

"खराब होती, मास्तर. मला खात्री आहे. बाटलीतच दोष होता. तुम्ही एकदा हुंगा आणि म्हणा, खराब होती. एवढंच. मी तिला तसं कळवतो."

"काय कळवता?"

"की वाईन खराब होती. म्हणून सगळं बिनसलं. मास्तर सांगतायत म्हटल्यावर तिलाही पटेल."

"तुम्हीच अप्रतिम म्हणालात."

"चुकलो असेन! लोक चुकतात! आयुष्यात पहिल्यांदाच मला चुकायचंय, मास्तर, आणि तुम्ही..." त्याचा आवाज चिरकला. लिफ्टच्या कंपनीतल्या दोनशे माणसांनी हा आवाज कधी ऐकला नव्हता. "तुम्ही तेवढंही देत नाही."

मास्तरांनी धोतराला हात पुसले, बाटली घेतली, बूच काढलं. नाक जवळ नेलं.

कारखानीस एक पाऊल पुढे सरकला.

"आंबलीय," मास्तर म्हणाले.

"बघा! बघा!"

"आठ दिवस उघडी आहे. उसाचा रसही आंबेल."

"पण त्या दिवशी? त्या दिवशी कशी होती?"

"नाक आजचं सांगतं, साहेब. मागचं सांगत नाही."

"असं कसं? जिन्याखालचा आख्खा पावसाळा तुम्ही बुचावरून सांगितला होतात!"

"ते वेटर लोकांनी वाढवलंय. मांजर मी सकाळीच बघितलं होतं."

कारखानीस बघतच राहिला. आठ महिने ज्या नाकावर त्याची श्रद्धा होती, ते नाक समोर होतं आणि त्यावर माशी बसली होती. मास्तरांनी ती हाकललीसुद्धा नाही.

पण हुशार शिष्य असा सुटत नाही. त्याला वहीतलं आठवलं.

"बुचाला बुरशी असेल तर ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो," तो घाईघाईने म्हणाला. "तुम्हीच सांगितलंत. आणि तो वास जात नाही. आठ दिवसांनी काय, आठ महिन्यांनीही जात नाही. आंबटाच्या खाली असणार तो. असणारच!"

"असेल," मास्तर म्हणाले. "मग तुम्हीच बघा."

ते घरात गेले आणि एक ग्लास घेऊन आले. लांब दांड्याचा, काचेचा, एकुलता एक. सदऱ्याच्या टोकाने पुसला. मग, बहात्तर वर्षांचा तो माणूस केळ्यांच्या सालींमध्ये असा ताठ उभा राहिला की जणू आजूबाजूला पांढरी टेबलं आहेत. डावा हात पाठीमागे. बाटलीची मान ग्लासच्या काठाला लागू न देता त्यांनी घोटभर ओतली. मनगट जरासं वळवलं. एक थेंब बाहेर पडला नाही.

आणि बाटली हातात धरून उभे राहिले.

कारखानीसने ग्लास फिरवला. नाक आत घातलं. डोळे मिटले. त्या एवढ्याशा काचेच्या पोकळीत त्याचं सव्वीस वर्षांचं लग्न कुठेतरी अडकलेलं होतं, आणि ओल्या पुठ्ठ्याचा नुसता भास जरी झाला असता तरी ते सुटणार होतं. वरचा आंबट थर त्याने बाजूला सारला. त्याच्या खाली शिरला. तिथे लाकूड होतं. लाकडाच्या खाली काहीतरी जांभळासारखं. त्याच्याही खाली...

"कारखानीस," मास्तर हळूच म्हणाले, "मला वाटतं..."

बोट वर गेलं.

...

केळीचं एक पान उगाच हललं.

कारखानीसने डोळे उघडले. मास्तर बाटली खाली ठेवून पुन्हा चटईपाशी उकिडवे बसले होते. केळी उलटत होते.

त्याने आपल्या बोटाकडे बघितलं. ते अजून वरच होतं. त्याने ते दुसऱ्या हाताने धरून खाली आणलं.

"मास्तर..."

"वास आला? पुठ्ठ्याचा?"

"मास्तर, तुम्ही काय म्हणत होतात?"

"कधी?"

"आत्ता. 'मला वाटतं' म्हणालात."

मास्तर थोडा वेळ आठवत राहिले. खरंच आठवत होते, की तसं दाखवत होते, देव जाणे.

"विसरलो."

"असं कसं विसरलात? आत्ता तर ओठांवर होतं!"

"हो. होतं."

"महत्त्वाचं होतं का?"

"असेल. या वयात मी उगाच तोंड उघडत नाही."

कारखानीस मटकन खाली बसला. सालींवर बसला, पँटीसकट. ग्लास अजून हातात होता.

"पुठ्ठ्याचं राहिलं," मास्तर म्हणाले.

"नाही."

"दुसरा काही दोष?"

"नाही." तो ग्लासात बघत राहिला. "काहीच नाही. चांगली होती ती."

मास्तरांनी एक रांग संपवली. ओलसर बाजू वर आली आणि उन्हात चकाकू लागली. एक मुंगी एका केळ्यावरून दुसऱ्यावर गेली.

"तुम्ही एक्केचाळीस वर्षं टेबलांजवळ उभे राहिलात," कारखानीस मान वर न करता म्हणाला. "हजारो जोडपी बघितलीत. मला एवढंच सांगा, 'मला वाटतं'च्या पुढे बायका काय म्हणतात?"

"माहीत नाही."

"नाही कसं?"

"मी जवळ गेलो की माणसं गप्प होतात, साहेब. प्लेट ठेवून मी चार पावलं लांब गेलो की पुन्हा बोलू लागतात. मला नुसत्या सुरुवाती मिळाल्या. 'तुला एक सांगू?'... 'काल डॉक्टर म्हणाले'... 'खरं म्हणजे त्या दिवशी मी'... लाखभर सुरुवाती असतील. शेवट नाही."

"एकही नाही?"

"एक मिळाला होता."

कारखानीसने मान वर केली. "काय?"

"'...तर मग जरा मीठ दे.'"

कारखानीसला हसू आलं. आठ दिवसांत पहिल्यांदाच. ते हसू पोटातून वर आलं, गळ्यापाशी अडखळलं आणि तिथून पुढे ते हसू राहिलं नाही. त्याने ग्लास मातीत टेकवला आणि दोन्ही तळव्यांत तोंड घातलं. मास्तर दुसरीकडे बघत राहिले. टेबलावरचं माणूस रडू लागलं तर दुसरीकडे बघायचं, हा त्यांच्या धंद्याचा नियम.

थोड्या वेळाने ते म्हणाले, "फोन करा बाईंना."

"उचलत नाही."

"तुमचा उचलत नाहीत."

सदऱ्याच्या खिशातून त्यांनी आपला फोन काढला. जुना, बटणांचा, एका बाजूने रबराने बांधलेला. कारखानीसने नंबर लावला. शालनचा नंबर त्याला पाठ होता, एवढं तरी होतं.

तिसऱ्या रिंगला उचलला.

"हॅलो?"

"शालन... मी."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. फोन बंद झाला नाही.

"हा कुणाचा नंबर?"

"मास्तरांचा. शालन, एकच विचारायचंय. त्या शनिवारी तू काय म्हणत होतीस?"

"कधी?"

"मी वाईन चाखत होतो तेव्हा. 'यशोधन, मला वाटतं' म्हणालीस."

...

"शालन?"

"ते होय."

"सांग ना. मी ऐकतोय. इथे कुणी नाही. म्हणजे मास्तर आहेत, पण ते केळी उलटतायत. सांग."

"आता काही नाही रे. तेव्हा होतं."

"पण काय होतं? जायचं म्हणत होतीस, की... की राहायचं?"

पलीकडे तिने कुणालातरी गॅस बारीक करायला सांगितलं. मग म्हणाली, "ते तेव्हाच म्हणता आलं असतं, यशोधन. तीन दिवस मनात जुळवून आणलं होतं. आता नाही जुळत."

आवाजात राग नव्हता. राग असता तर कारखानीसने त्याला धरून ठेवलं असतं. काहीतरी धरायला मिळालं असतं.

"घरी कधी येतेस?"

"माझी पुस्तकं खोक्यात भरून ठेव. खिडकीजवळच्या कपाटातली तेवढीच. पुढच्या आठवड्यात सुधाचे यजमान मुंबईला येणार आहेत, ते नेतील."

"शालन..."

"जेवलास का?"

"...नाही."

"जेवून घे."

फोन बंद झाला.

कारखानीसने तो थोडा वेळ तसाच कानाला धरून ठेवला. मग खाली घेतला, त्याचं सुटलेलं रबर नीट बसवलं आणि मास्तरांना परत दिला. मास्तरांनी तो खिशात टाकला. काय झालं, हे विचारलं नाही. ते एवढे जवळ बसलेले असूनही या खेपेला शेवट पलीकडच्या बाजूला होता, आणि त्यांना नेहमीसारखी सुरुवातच ऐकू आली होती.

कारखानीस उठला. पँटीला लागलेल्या साली झटकल्या. बाटलीला बूच लावलं, पिशवीत ठेवायला गेला, ठेवली नाही. ग्लास उचलून मास्तरांच्या हातात दिला. जायला हवं होतं. पाय निघेनात.

त्याला आता विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. पण माणसाच्या तोंडाला सवय असते. जे विचारायला तो एवढ्या लांब आला होता, तेच पुन्हा त्याच्या तोंडून निघालं, नेमका आकडा हवा असलेल्या माणसाच्या आवाजात.

"मास्तर... पुढे कधी हॉटेलात जेवायला बसलोच, तर वाईनवर किती खर्च करू?"

मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं. या खेपेला हातात केळं नव्हतं.

"समोर कोण असेल?"

कारखानीसने विचार केला. खरोखर विचार केला. एकेक चेहरा आठवून बघितला.

"...कोणी नाही."

"मग सगळ्यात महाग घ्या."